भानसऱ्याची रेती

भानसरा, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा
१६ नोव्हेंबर १९५३

सोमादादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच चुलीत घालशील, असं मनात धरूनच लिहायला बसले आहे. लग्नानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस, ह्यांच्याशी तर नाहीच. ब्रह्मदेशच्या लढाईत सुरुंग काढणाऱ्या तुझ्याच पलटणीत, तुझ्याच तंबूत राहिलेला तुझा वारलू, ज्याला तू स्वतः घरी जेवायला आणलंस, त्यानं तुझ्या बहिणीशी लग्न केलं, आणि तोही ढिवराचा, मासे मारणाऱ्याचा पोरगा. तुला ते सोसलं नाही. त्याबद्दल आज काही मागत नाही. मागायचं आहे ते वेगळंच.

कोजागिरीनंतर इसरू मेला. ह्यांचा चुलतभाऊ, रुखमाबाईचा नवरा. वैनगंगा उतरली की इथले ढिवर रेतीत खड्डे खणतात, शेणखत भरतात आणि डांगराचं, म्हणजे खरबुजाचं, बी लावतात. उन्हाळ्यात ती डांगरं बैलगाडीनं आरमोरी-ब्रह्मपुरीच्या बाजारात जातात. नदीत मासे कमी असतात त्या महिन्यांत घरं त्याच्यावरच चालतात. इसरू असाच खड्डा खणत होता आणि त्याचं फावडं कशावर तरी आपटलं. मी शाळेत मुलींचे पाढे घेत होते. आवाज आला तेव्हा मला वाटलं, खाणीतला सुरुंग. मग आठवलं, भानसऱ्याला खाण कुठली.

लढाईच्या दिवसांत कुठल्याशा पलटणीनं ह्या रेतीवर चांदमारी केली होती, हे आता म्हाताऱ्यांना आठवतं. पलीकडच्या थडीवरून उखळी तोफा डागायचे. फुटले नाहीत ते गोळे रेतीत रुतले ते रुतलेच. दर पावसाळ्यात पूर त्यांना इकडचे तिकडे करतो. तहसीलदार आले, रेतीवर जायची बंदी करून गेले. फौजेकडून उत्तर आलं की हिवाळा संपल्यावर माणसं पाठवू. हिवाळा संपल्यावर लावणी होत नसते.

म्हणून हे नागपूरला गेले आणि लढाईतला माल विकणाऱ्या एका कबाड्याकडून सुरुंग शोधायचं यंत्र घेऊन आले. तुला सांगायला नको: लांब काठी, टोकाला थाळी, पाठीवर बॅटरीचा डबा, कानांवर दोन वाट्या. थाळीखाली लोखंड आलं की वाट्यांतला आवाज चढतो. तहसीलदार तोंडी म्हणाले, करा, कागदावर काही मागू नका. बल्लारपूरकडच्या कोळशाच्या खाणीत सुरुंग उडवणारा रामाजी म्हणून एक जण आहे. तो दर बाजाराच्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून येईल आणि सापडलेले गोळे जागच्या जागी उडवून देईल. शोधायचे ह्यांनी.

मी म्हटलं, "सरकारले येऊ द्या ना."

"सरकार येईन तवालोक बी उंदरानं खाल्लं राहीन."

"आन् तुमाले काही झालं तं?"

"मले काऊन होईन? असे किती काढले म्या. सोमाले इचार."

म्हणून विचारते. खरंच इतकं सोपं असतं का रे? तसं नसेल तर ह्यांना दोन ओळी लिही आणि थांबव. माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील.

तुझी वच्छला


भानसरा
३ डिसेंबर १९५३

सोमादादा,

तुझं उत्तर नाही. येणार नाही असंच धरलं होतं, तरी डाकवाला दिसला की पदर सावरून उभी राहते.

इथं सगळं ठीक आहे. सकाळी उन्हं वर आली की हे जातात. रेतीवर चुन्यानं चौकट आखतात, तिच्यात रांगेनं थाळी फिरवतात, एक चौकट झाली की पुढची. चुन्याच्या आतली रेती मोकळी, बाहेरची नाही, हे गावात सगळ्यांना पाठ झालं आहे. सापडतं ते बहुतेक फुटकळ. नावेचे खिळे, बैलाची नाल, कुणाच्या तरी पायातलं कडं. गोळेही निघाले. रामाजीनं बाजाराच्या दिवशी ते उडवले तेव्हा आख्खं गाव थडीवर होतं. मी गेले नाही. घरात कान झाकून बसले, तरी माठातलं पाणी हललेलं दिसलं.

शाळेच्या ओट्यावरून नदी दिसते. हे तिथं एका रेघेएवढे दिसतात. मी मुलींना हल्ली सारखं शुद्धलेखन घालते, कारण त्या गलका करायला लागल्या की नदीकडचं मला ऐकू येत नाही. काल कुणी तरी दार आपटलं आणि माझ्या हातातली पाटी पडून फुटली. मुली हसल्या. मीही हसले. मग मागच्या बाजूला जाऊन बसले.

तसं घाबरण्यासारखं काही नाही. हे फक्त बोलत नाहीत. हाक मारली तर वळून बघत नाहीत, जेवताना काही विचारलं तर भलतंच उत्तर देतात. रेती डोक्यात असते, दुसरं काय. भादव्यात महिनाभर हिवतापानं अंथरुणावर होते, कोयनेलच्या गोळ्या घेऊन घेऊन कान वाजायचे, पण आता ताप नाही.

रुखमाबाईनं आणि आणखी दोघींनी पहिल्या चौकटींत बी लावलं. रोज सकाळ-संध्याकाळ घागरीनं पाणी घालतात.

बॅटऱ्या उतरत चालल्या आहेत. इथं कुठं मिळतात? चांद्यालाही नाहीत. तू मोटारीच्या कारखान्यात आहेस, तुला कुठं मिळतील ते ठाऊक असेल. डब्यावरचा नंबर खाली लिहिला आहे. पत्र लिहायचं नसेल तर लिहू नकोस. बॅटऱ्या तेवढ्या पाठव.

वच्छला


भानसरा
१८ डिसेंबर १९५३

सोमादादा,

पेटी आली. चिठ्ठी नव्हती. ह्यांनी सुतळीची गाठ पाहिली आणि म्हणाले, "सोमाची गाठ व्हय ही." ती कापली नाही, नखानं सोडवत बसले.

थोडं विचारायचं आहे. सहज विचारते.

लोखंड खोल असलं तर आवाज कमी चढतो का? की थाळी बाजूला गेली म्हणूनही कमी चढतो? ओल्या रेतीत आणि कोरड्या रेतीत फरक पडतो का? काठी किती सावकाश फिरवायची? एकदा फिरवून झाल्यावर पुन्हा आडवी फिरवावी लागते का? शिकाऊ माणसाचा कान तयार व्हायला किती दिवस लागत? आणि हे खास विचारते: आवाज नसताना आवाज आल्यासारखा वाटतो का? तुम्हांला वाटायचा का?

ह्या प्रश्नांची उत्तरं ह्यांना विचारता येत नाहीत असं नाही. तुझ्याकडूनही ऐकावीत असं वाटलं. लवकर लिही. कार्डावर लिहिलंस तरी चालेल, मायना नको, सही नको.

वच्छला


भानसरा
२७ डिसेंबर १९५३

दादा,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, नुसती उत्तरं. पण शेवटी लिहिलंस, "यंत्र कोण चालवतं?" तुला कळलंच तर. आता लपवून काय करू.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी मी जेवण घेऊन रेतीवर गेले होते, चुन्याच्या आतून. हे उपड्या नावेच्या सावलीत भाकर खायला बसले. यंत्र बाजूला होतं, चालूच. मी उगीच वाट्या कानाला लावल्या. डासासारखी बारीक गुणगुण येत होती. काठी थोडी हलवली आणि गुणगुण चढत चढत शिट्टी झाली.

"अवो, हे वाजून राह्यलं."

ह्यांनी मान वर केली नाही. मी समोर जाऊन उभी राहिले, पुन्हा सांगितलं.

"तिथी कायचं वाजते? ते कालच साफ झालं."

"मंग हे काय व्हय?"

हे उठले. वाट्या कानाला लावल्या, थाळी त्याच जागी धरली. मी तोंडाकडे बघत होते. तोंडावर काहीच उमटलं नाही. म्हणाले, "नाई वाजत." मी एक वाटी त्यांच्या कानावरून ओढून माझ्या कानाला लावली. शिट्टी तशीच चालू होती. एक वाटी माझ्या कानाला, दुसरी त्यांच्या, आणि आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून उभे. मग त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि त्यांना समजलं.

कोयनेलनं कान गेले, दादा. सगळेच गेले नाहीत. जाड आवाज येतात, नाव वल्हवलेली ऐकू येते, ती गुणगुणही येते. बारीक, चढलेला आवाज येत नाही. जो यायला हवा तोच नाही. ठळक, वर असलेले तुकडे कसेबसे ऐकू यायचे, तेवढ्यावर त्यांना वाटत होतं सगळं ऐकू येतं.

त्या जागी खणलं. गोळा होता. त्याच्यापासून दहा पावलांवर रुखमाबाईची रोपं दोन पानांवर आली होती, आणि घागर ठेवायची जागा दाबून दाबून घट्ट झाली होती.

मी म्हटलं, आजच्या दिवस कुणाला सांगू नका, आधी पाहू. मी घाबरले होते. लोक काय करतील ह्याला घाबरले होते. त्यांनी माझे ओठ वाचले की काय कोण जाणे. सरळ चावडीवर गेले आणि सगळ्यांना बोलावलं.

"मले आयकू येत नाई," असं म्हणाले. "जे साफ म्हणून सांगतलं ते साफ नाई. कोणी रेतीत पाय टाकू नोका."

लटारू, ज्याची बायको रुखमाबाईबरोबर पाणी घालायची, तो ओरडला, "मंग आमच्या बाया रोज तिथी जाऊन राह्यल्या, त्याचं काय?"

हे त्याच्याकडे बघत उभे राहिले. ऐकूच आलं नव्हतं. सगळ्या गावासमोर मला ते त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा बोलावं लागलं. ते ऐकून त्यांनी मान खाली घातली आणि ती वर केलीच नाही. लटारू आणखी बोलणार होता. पण रुखमाबाई उठली.

"बाई," मला म्हणाली, "तुमाले आयकू आलं ना?"

"आलं."

"मंग तुमी आयका."

एवढंच बोलून ती घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेला नाताळची सुट्टी थोडी आधीच दिली. तेव्हापासून काठी माझ्या हातात आहे आणि हे माझ्यामागून येतात. मी थांबले की ते पुढं होतात, पालथे पडतात, सळई तिरपी खुपसून बघतात आणि हातानं रेती काढतात. सगळं पहिल्यापासून पुन्हा.

तू विचारलंस म्हणून सांगते, मला भीती वाटते. सकाळी वेणी घालताना बोटं वळत नाहीत. वाट्या कानावर बसल्या की बाहेरचं जग बंद होतं आणि माझाच श्वास मला ऐकू येतो. आवाज चढला की पुढचं पाऊल टाकवत नाही, आणि चढला नाही तर वाटतं, मलाही ऐकू आलं नसेल तर?

वच्छला


भानसरा
१२ जानेवारी १९५४

दादा,

काल जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला पुन्हा रेतीवर उतरता येणार नाही. म्हणून शाळेत मुली यायच्या आधी लिहिते आहे. हल्ली सकाळी रेती, अकरानंतर शाळा, असं चालतं.

नदीच्या बाजूची चौकट चालू होती. तिथं रेती ओली आहे. मला आवाज लागला. नियमाप्रमाणे मी खुणेची बांबूची कमची रोवली, हे पालथे पडले आणि बोटांनी रेती काढायला लागले. गोळ्याची शेपटी दिसली, तिची पाती दिसली. मी मागं सरत होते. सरताना थाळी त्यांच्या डाव्या कोपराजवळून गेली आणि कानात पुन्हा शिट्टी चढली. दुसरा. कोपराच्या खालीच. सगळा भार त्या कोपरावर होता, आणि उजव्या हाताची बोटं पहिल्या गोळ्याला लागलेली.

मी हाक मारली. मग ओरडले. असं ओरडले की पलीकडच्या थडीवरचे बगळे उडाले. ह्यांना ऐकू आलं नाही. ते आपले रेती काढत होते, दर मुठीला कोपर थोडं आणखी रुतत होतं.

पायाला हात लावावा तर दचकले असते. खडा मारावा तरी तेच. माझ्यापुढं एकच उरलं, की त्यांना मी दिसायला हवी. आणि त्यांच्या तोंडासमोरची रेती चुन्याच्या बाहेरची होती.

मी काठी ठेवली. वाट्या काढल्या, पाठीवरचा डबा उतरवला. काठी फिरवत जायला वेळच नव्हता. चुन्याची रेघ ओलांडली आणि वळसा घालून चालत गेले. धावले नाही. धावावं असं वाटत होतं, पण पाय आपटला तर, म्हणून एक एक पाऊल कापसावर ठेवल्यासारखं ठेवलं. तुला सांगते, त्या वेळी मी देवाचं नाव घेतलं नाही, कुणाचंच नाही. पायाखालची रेती गार होती एवढंच आठवतं.

त्यांना आधी माझे पाय दिसले. मान वर केली तर डोळ्यांत नुसता राग. मी बोट ओठावर ठेवलं, मग त्यांच्या कोपराकडे दाखवलं. ते जागच्या जागी थिजले. मी खाली बसले, ओठ दिसतील असं सावकाश म्हटलं, "कोपराखाली आहे."

"किती खाली?"

ठाऊक नाही, अशी मी मान हलवली.

त्यांनी उजवा हात गोळ्यावरून तसाच, बोटंही न मिटता, काढून घेतला. मग अंग उजवीकडे कललं, इतकं सावकाश की मला वाटलं ते हलतच नाहीत. घाम नाकावरून रेतीत पडत होता. कोपर सुटलं. तिथं रेतीत खळगा राहिला आणि त्या खळग्याच्या तळाला गंजाचा लाल डाग दिसत होता. एवढ्यावर होता, दादा. कातडीएवढ्या रेतीखाली.

उठून बसल्यावर पहिलं काय विचारलं असेल?

"तू कोनत्या वाटेनं आली?"

मी मागं हात केला. माझी पावलं उमटलेली होती, रेघेच्या बाहेरून, चंद्रकोरीसारखी. हे त्यांच्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, आता इथून हलू नोको. स्वतः आल्या वाटेनं मागं सरकत गेले, यंत्र आणलं आणि पालथे पडून लांबूनच माझ्याकडे सरकवलं. त्यांना ऐकू येत नसल्यानं परतीच्या वाटेवर मलाच ऐकत यावं लागलं. एका पावलाच्या शेजारी, जेमतेम वितीवर, शिट्टी चढली. मी तिथं कमची रोवली आणि पुढं आले. 

ह्यांनी आज सकाळी यंत्र कपड्यात गुंडाळून माचावर ठेवून दिलं. म्हणाले, "बस झालं. तुले मारून मले डांगर नाई पिकवाचं." ते बरोबर आहेत. पण रुखमाबाई रोज सकाळी थडीवर येऊन उभी राहते.  अर्ध्याहून जास्त रेती झाली आहे. महिना सरला तर बी फुकट, आणि ही माणसं उपाशी राहण्याआधी बंदी मोडून रेतीत उतरतील. लटारू परवा बोलूनही गेला, मरायचं तं पोट भरून मरू.

माझे कान चांगले आहेत. पण कालपासून घरातही शिट्टी ऐकू येते, चुलीपाशी, विहिरीवर. भीतीनं मी नसलेलं ऐकेन आणि असलेलं सोडून देईन. तिथं आता असा कान हवा जो हे काम जाणतो.

दादा, तू ये. आमच्या घरात पाऊल ठेवू नकोस हवं तर. रेतीवर ये.

वच्छला


भानसरा
९ फेब्रुवारी १९५४

सोमादादा,

तू गेल्यावर काय झालं ते कळवते.

तू आलास त्या दिवशी हे थडीवर पाठमोरे बसले होते. तू दोनदा हाक मारलीस आणि मग मला म्हणालास, "इतकं?" मी मान हलवली. तेव्हा तू जे केलंस त्याबद्दल मी तुझ्यासमोर बोलले नाही, आता बोलते. तू घरी आला नाहीस, शाळेच्या ओट्यावर पथारी टाकलीस, आपला तांदूळ आपण शिजवलास. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण रेतीवर उतरायच्या आधी तू दोरी मागितलीस. एक टोक ह्यांच्या कमरेला बांधलंस, दुसरं आपल्या कमरेला. म्हणालास, "एक झटका, थांब. दोन झटके, माघं ये." ह्यांनी ती गाठ चाचपून पाहिली. लग्नापासून तुमच्यात झालेलं बोलणं ते एवढंच.

त्या दिवसांत मी थडीवर उभी असायचे. रेतीवर असण्यापेक्षा ते वाईट होतं, हे तुला ठाऊक नसेल. तिथं निदान कानात काही तरी असतं. इथून फक्त दोन माणसं आणि मधली दोरी दिसायची, आणि दोरी ताणली गेली की मी झटके मोजायचे.

तुझी रजा संपली तेव्हा रानाकडची पट्टी राहिली होती. ती आम्ही दोघांनी केली, तुझ्या दोरीनं. तिथं फक्त खिळे निघाले. रामाजी शेवटचे गोळे उडवून गेला. तहसीलदारांनी बंदी उठवली, पण बायका थडीवरून खाली उतरेनात. एकदा साफ म्हणून सांगितलं होतं ना आम्ही. 

मग हे म्हणाले, "आधी मी चालतो." पलटणीत असंच करायचे म्हणे, ज्यानं जमीन साफ केली त्यानं आधी तिच्यावरून चालायचं. मी म्हटलं, ऐकलं मी आहे, मीही चालते. त्यांनी मला अडवलं नाही. चप्पल काढून हे नदीच्या बाजूनं निघाले, मी रानाच्या बाजूनं, पट्टीवरून पट्टी, दोघंही अनवाणी. सगळं गाव वर उभं होतं. कोंबडंही आरवत नव्हतं.

मधल्या चौकटीत माझ्या टाचेखाली काही तरी कठीण लागलं.

यंत्र तिथून आडवं-उभं दोन्ही वेळा गेलं होतं, तुझ्या कानानं एकदा आणि माझ्या कानानं एकदा. तिथं लोखंड असणं शक्य नव्हतं. हे मला समजत होतं आणि पाय उचलवत नव्हता. वर सगळे बघत होते. मी पुढं गेले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मनात आलंही, की आता वाकले तर ही माणसं परत कधी रेतीत उतरणार नाहीत; दोन महिन्यांचं सगळं वाया जाईल. पण माझ्यानं पुढं जाववेना. त्याच जागी उद्या कुणी तरी फावडं मारणार होतं.

म्हणून मी वाकले. गुडघ्यावर बसले, मग पालथी पडले, ह्यांच्यासारखी, आणि टाचेच्या बाजूची रेती बोटांनी काढू लागले. थडीवर कुणी तरी बाई रडायला लागली. कुणी पोरांना मागं ओढलं. हे लांब होते, त्यांना रडणं ऐकू गेलं नाही, पण माझ्याकडे वळून पाहिलं आणि तिथंच थांबले. काढलेली रेती परत परत खड्ड्यात पडत होती. मग बोटांना लागलं. गार, गुळगुळीत, गोल. मी डोळे मिटून बाजूबाजूनं चाचपत गेले. पाती नव्हती. शेपटी नव्हती.

दगड होता. नदीचा काळा गोटा, नारळाएवढा.

मी तो दोन्ही हातांनी उचलून वर धरला, सगळ्यांना दिसावा म्हणून. मला लाज वाटत होती. हसतील असं वाटलं. कुणी हसलं नाही.

रुखमाबाई थडीवरून उतरली. पदर खोचलेला, खांद्यावर फावडं. सरळ माझ्यापाशी आली, गोटा माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि बाजूला टाकला.

"गोट्याले बी इतकं पाहून राह्यली तू," म्हणाली, "मंग मले कायचं भेव."

आजवर मला बाई म्हणायची, तुम्ही म्हणायची. पहिल्यांदा तू म्हणाली.

तिनं तिथंच, माझ्या खळग्याच्या जागी, पहिला खड्डा खणायला घेतला. तिच्या मागून लटारूची बायको उतरली, मग बाकीच्या, डोक्यावर शेणखताच्या पाट्या घेऊन. हे माझ्याजवळ आले, मला हाताला धरून उठवलं, घरी चल म्हणाले.

मी गेले नाही. माझी भीती अजून गेलेली नाही, दादा, आणि पुढच्या पुरानंतर ही रेती पुन्हा ऐकावी लागणार आहे, तेव्हा तुला यावंच लागेल. त्या दिवशी मी तिथंच उभी राहिले. ऊन कललं, फावडी चालत होती. फावडं लोखंडावर वाजलं असतं तरी ह्यांना ऐकू आलं नसतं, म्हणून शेवटच्या खड्ड्यापर्यंतचा प्रत्येक घाव मी ऐकला.

तुझी
वच्छला